खाटेला पैसा, श्वासाला नाही

तळेगाव दाभाडे हे गाव एके काळी हवेसाठी ओळखले जात असे. मुंबईच्या दमट उकाड्याला आणि पुण्याच्या गजबजीला कंटाळलेली, किंवा मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसे हवापालटासाठी येथे येऊन राहत. गावातील जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नावातच ‘कन्व्हॅलेसंट होम’ हे शब्द होते. औषधांची संख्या थोडी होती आणि हवेवरची भिस्त मोठी होती, असा तो काळ. आज चित्र पालटले आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, तळेगाव व चाकण येथील औद्योगिक वसाहती, मावळातील दगडखाणी आणि खडीची यंत्रे या सर्वांनी तालुक्याला रोजगार दिला आणि त्याबरोबर धूर व धूळही दिली. पूर्वी हवा हेच औषध होते. आता हवेने बिघडलेल्या छातीसाठी औषध विकत घ्यावे लागते. ते कोणी विकत घ्यावयाचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात नीट मांडलेला दिसत नाही.

प्रश्न केवळ तळेगावचा नाही. फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारांचा भार देशात किती आहे, याचा राज्यवार अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार श्वासमार्ग कायमचे आकसत जाण्याच्या विकाराचे, ज्याला डॉक्टर मंडळी ‘सीओपीडी’ म्हणतात, भारतातील रुग्ण १९९० साली २ कोटी ८१ लाख होते. ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के. पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगात आयुष्याची जी निरोगी वर्षे वाया जातात, त्यांत भारताचा वाटा ३२ टक्के. या आकड्यांपुढे दुसरा एक आकडा ठेवला पाहिजे. सीओपीडीच्या या भारापैकी ५३.७ टक्के भार हवेच्या प्रदूषणाला, २५.४ टक्के तंबाखूला आणि १६.५ टक्के कामाच्या जागेवरील धूळ-धुराला लावता येतो, असे त्याच अभ्यासाने दाखविले. म्हणजे ‘बिडी ओढली, भोगा आता’ असे म्हणून समाजाला हात झटकता येण्यासारखी स्थिती नाही. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते, की जगातील या विकाराच्या रुग्णांपैकी पाव हिश्शापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलेच नसते. आंदर मावळात किंवा नाणे मावळात पावसाळ्यातील ओल्या लाकडांवर भात शिजवीत चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेली स्त्री या हिशेबात येते. खडीच्या यंत्राजवळ राबणारा मजूरही येतो. क्षयरोगातून बरा झालेला, पण फुप्फुसांवर कायमचे व्रण घेऊन जगणारा रुग्णही त्यातच येतो.

औषध काय देते?

या विकाराविषयी एक गोष्ट प्रथम स्वच्छपणे सांगितली पाहिजे. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाने तो बरा होत नाही. आकसलेले श्वासमार्ग काही अंशी मोकळे होतात, सूज कमी होते, कफाचा त्रास आटोक्यात येतो. परंतु गेलेले फुप्फुस परत येत नाही. अशा औषधाचे मोल कसे ठरवावयाचे? केवळ मृत्यूंच्या संख्येवरून ठरविले तर ते अल्पच दिसेल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ या चाचणीत ६,११२ रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा झाला. श्वासावाटे घ्यावयाच्या दोन औषधांच्या मिश्रणाने मृत्यू कमी झाल्याचे दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक अगदी थोडक्यात उतरला नाही. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अपलिफ्ट’ चाचणीत सुमारे सहा हजार रुग्णांपैकी निम्म्यांना चार वर्षे टायोट्रोपियम हे औषध दिले गेले. फुप्फुसांची शक्ती दरवर्षी जी घटते, त्या घटीचा वेग या औषधाने मंदावला नाही.

मग ही औषधे व्यर्थ म्हणावयाची काय? तसे नाही. दोन्ही चाचण्यांत रोग एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुसह्य झाले. हे ‘रोजचे जगणे’ मोजण्याचे साधनही शास्त्राने घडविले आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयात तयार झालेली आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेली पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. खोकला व कफ किती दिवस असतो, अंघोळ करताना किंवा कपडे घालताना दम लागतो काय, जिना चढता येतो काय, खोकल्यामुळे चारचौघांत संकोच वाटतो काय, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून शून्य ते शंभर असे गुण दिले जातात. गुण जितके अधिक तितका त्रास अधिक. चार गुणांनी आकडा खाली आला, तर रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो, असे मानले जाते.

वरवर पाहता हे चार गुण क्षुल्लक वाटतील. परंतु त्यांचा अर्थ संसाराच्या भाषेत लावून पाहावा. तळेगाव स्थानकाचा पूल न थांबता चढून लोकल गाठता येणे, वर्गात सलग तास घेता येणे, विहिरीवरून हंडा आणता येणे, रात्री उशीला टेकून बसून न राहता आडवे होऊन झोपता येणे, हे त्या चार गुणांत सामावलेले असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर औषध येथे आयुष्याची लांबी नव्हे, तर आयुष्यातील कामाचे आणि मानाचे दिवस विकत घेते. आरोग्यव्यवस्थेचा हिशेब मात्र खाटा, दाखल झालेले रुग्ण आणि मृत्यू यांतच होतो. या तिन्ही रकान्यांत न बसणारा लाभ त्या हिशेबात शून्य धरला जातो.

गोळी स्वस्त, की पंप?

औषध कोणते, याइतकेच ते कोणत्या वाटेने घेतले जाते, यालाही महत्त्व आहे. साल्ब्युटामॉल हे श्वासमार्ग मोकळे करणारे जुने औषध. त्याच्या पंपातून एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडते. दोन दाब ही नेहमीची मात्रा. तेच औषध गोळीतून घेतले तर ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे या दोन दाबांच्या वीसपट मात्रा झाली. ती पोटातून रक्तात, रक्तातून सर्व शरीरात जाते. तेव्हा कोठे थोडी फुप्फुसांना मिळते. हात थरथरणे, छाती धडधडणे हा त्या वळणाचा मोबदला. थिओफायलिनच्या गोळ्यांची गोष्टही याहून फारशी निराळी नाही. २०१८ साली ब्रिटनमध्ये दीड हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत, श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाला थिओफायलिनच्या लहान मात्रेची जोड देऊनही रोग बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. सर्वांत घातक प्रकार स्टिरॉइडच्या गोळ्यांचा. रोग बळावला असता पाच-सात दिवस त्या देणे योग्यच असते. पण ‘या गोळीने बरे वाटते’ म्हणून महिनोन् महिने त्या घेत राहिल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, आणि छातीच्या रोगावर मधुमेहाची भर पडते.

असे असूनही गोळीच का चालते? पहिले कारण किंमत. गोळ्यांची पट्टी काही रुपयांत मिळते. साध्या साल्ब्युटामॉलच्या पंपाला साधारण दीडशे-दोनशे रुपये आणि रोज घ्यावयाच्या जोडऔषधाच्या पंपाला त्याच्या दुप्पट-तिप्पट रुपये एकदम मोजावे लागतात. दुसरे कारण समजूत. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘मुलीच्या हातात पंप दिसला तर लग्न जमणार नाही’ ही वाक्ये शिकलेल्या घरांतही ऐकू येतात. वास्तविक सवय पंपाची लागत नाही; रोग कायमचा असतो म्हणून औषधही कायमचे असते, आणि चष्म्याला कोणी व्यसन म्हणत नाही. तिसरे कारण शिकवणुकीचा अभाव. पंप दाबण्याचा आणि श्वास ओढण्याचा क्षण जुळला नाही, तर औषध घशातच राहते. महाग औषध फुकट जाते आणि रुग्ण म्हणतो, ‘पंपाचा गुण येत नाही’. यावर उपाय अगदी साधा आहे. पंपाला ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी जोडली की ही जुळवणी सोपी होते. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी दम्याचा झटका आलेल्या मुलांवर प्रयोग करून दाखविले, की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीला नीट भोक पाडून केलेला स्पेसर बाजारातील स्पेसरइतकेच काम देतो. पाच मिनिटे रुग्णाजवळ बसून ही रीत शिकविणारी परिचारिका नेमणे हे काही अवघड यंत्रशास्त्र नव्हे. पण या पाच मिनिटांना कोणत्याही योजनेत दर ठरविलेला नाही, म्हणून ती पाच मिनिटे कोणी देत नाही.

किमतीचा परिणाम केवळ औषध घ्यावे की न घ्यावे एवढ्यापुरता नसतो. गरीब रुग्ण औषध बहुधा पूर्ण सोडीत नाही, ते ताणतो. महिन्याचा पंप दोन महिने पुरवितो. बरे वाटले की बंद करतो, धाप लागली की पुन्हा सुरू करतो. औषध नियमित घेतल्याने जो लाभ चाचण्यांत दिसला, तो अशा ताणलेल्या मात्रेत मिळत नाही. खर्च मात्र निम्मा होतोच. म्हणजे बचत म्हणून केलेली ही गोष्ट वस्तुतः उधळपट्टी ठरते. आणि ज्या दिवशी रोग बळावतो, त्या दिवशी घरात रिक्षा, रुग्णालय, प्राणवायू आणि बुडालेली मजुरी असा सारा खर्च एकदम उभा राहतो.

योजना कोणासाठी?

येथे शासनाच्या भूमिकेचा विचार अपरिहार्य होतो. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. संरक्षणाची मर्यादा आता कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे, आणि २०२४ च्या अखेरीपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मानचा लाभ खुला झाला. यांतील प्रत्येक पाऊल स्वागतार्ह आहे. मोठ्या शस्त्रक्रियेने घर विकावे लागण्याची आपत्ती त्यांनी अनेकांवरून टाळली, यात शंका नाही. परंतु या सर्व योजनांचा पाया एकच आहे: रुग्ण दाखल झाला पाहिजे. मध्यमवर्गीयांची १९८६ पासूनची ‘मेडिक्लेम’ही याच पायावर उभी राहिली. खाटेवर चोवीस तास काढले, तर पैसे. घरी राहून रोज औषध घेतले, तर नाही.

कोसळलेल्या श्वासाला ५ लाखांचे संरक्षण आणि श्वास कोसळू नये म्हणून लागणाऱ्या महिन्याच्या पाचशे रुपयांना काहीच नाही, अशी ही विसंगती आहे. ज्या वृद्धाला कर्मचारी पेन्शन योजनेतून २०१४ साली ठरलेले किमान निवृत्तिवेतन, म्हणजे महिना १,००० रुपये मिळते, त्याच्या हिशेबात दोन पंप म्हणजे जवळजवळ संपूर्ण निवृत्तिवेतन. त्याने काय करावे? पंप घ्यावा की किराणा? बहुतेक जण किराणा घेतात आणि पावसाळ्यात किंवा थंडीत रुग्णालयात दाखल होतात. मग तेथे शासन त्याच्या अनेक महिन्यांच्या पंपांची किंमत चार दिवसांत रुग्णालयाला मोजते. काटकसर येथे कोणाचीच होत नाही.

देशातील आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाले, असे राष्ट्रीय आरोग्यलेखा सांगतो. ही घट मोठी आहे. पण खिशातील या खर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचाच राहत आला आहे, आणि रोज औषध लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर औषध हाच बहुतांश खर्च असतो. सरासरी खाली आली म्हणून त्याचा भार हलका झाला, असे होत नाही.

प्राणवायूचे उदाहरण याहून बोलके आहे. रक्तातील प्राणवायू फार कमी झालेल्या रुग्णाला दिवसाचे पंधरा तास वा अधिक काळ घरी प्राणवायू दिला, तर त्याचे आयुष्य वाढते, हे अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांनी १९८० आणि १९८१ सालीच सिद्ध केले. या विकारात आयुष्य निश्चितपणे वाढविणारे जे थोडे उपाय आहेत, त्यांतला हा एक. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे घरगुती यंत्र सुमारे साडेतीनशे वॅट वीज घेते. पंधरा तासांचे पाच युनिट, महिन्याचे दीडशेहून अधिक. ज्या घराचे बिल एरवी शंभर युनिटांच्या आत राहते, ते घर या एका यंत्रामुळे वरच्या दराच्या टप्प्यात ढकलले जाते. यंत्र कोणा दानशूराने दिले, तरी ते चालविण्याचा खर्च त्याच घरावर राहतो. वीज गेली म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न निराळाच.

क्षयाला एक न्याय, धापेला दुसरा

शासन रोजचे औषध कधीच देत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. क्षयरोगाच्या बाबतीत ते देते; निदान, औषध, पाठपुरावा आणि पोषणासाठी रोख साहाय्यही देते. त्यामागचे अर्थशास्त्रीय समर्थन प्रसिद्ध आहे: क्षयाचा रुग्ण बरा झाला नाही, तर तो इतरांना रोग देतो, म्हणून त्याच्या उपचारात सर्व समाजाचे हित आहे. दीर्घकालीन धापेचा रोग संसर्गजन्य नाही, सबब तो ज्याचा त्याने पाहावा, असा न्याय येथे लावला जातो. हा न्याय उलटा आहे. क्षयाचा रुग्ण समाजाला अपाय करील म्हणून समाज खर्च करतो. धापेच्या रुग्णाला समाजाने अपाय अगोदरच केलेला असतो. महामार्गावरून गेलेल्या मालमोटारीचा धूर तिच्या मालकाच्या हिशेबात येत नाही, खडीच्या धुळीची किंमत खडीच्या भावात धरलेली नसते. ती किंमत कोणी तरी भरीत असतोच, आणि ती तो आपल्या फुप्फुसांनी भरतो. अशा माणसाला औषध देणे हा दानधर्म नव्हे. ती थकलेल्या देण्याची परतफेड होय. त्यातही विचित्र गोष्ट अशी, की क्षयातून बरा झालेल्या ज्या रुग्णाला व्रणांमुळे पुढे कायमची धाप लागते, त्याचा हात शासन सहा महिन्यांचा उपचार संपताच सोडून देते.

संघटित कामगारांचे काही अंशी बरे आहे. राज्य कामगार विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला बाह्यरुग्ण म्हणूनही औषधे मिळतात. किमान पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी हा वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. धुळीने होणारा रोग बहुधा निवृत्तीनंतरच डोके वर काढतो, हे लक्षात घेता ही तरतूद मोलाची आहे. पण तिची माहिती कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगाराला आवर्जून सांगितली जात नाही. कंत्राटी मजूर, खाणकामगार, शेतमजूर आणि चुलीपुढची स्त्री यांना तर असे कोणतेच छत्र नाही.

किमतीवर बंधन पुरे काय?

औषधांच्या किमती सरकारने बांधून दिल्या आहेत, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड, टायोट्रोपियम ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि २०१३ च्या किंमत-नियंत्रण आदेशानुसार त्यांना कमाल दर लागू आहे. परंतु हा दर ठरतो कसा, हे पाहिले पाहिजे. बाजारातील एक टक्का वा अधिक हिस्सा असलेल्या सर्व छापांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळविले की कमाल दर तयार होतो. यात औषध बनविण्यास प्रत्यक्ष किती खर्च येतो, याचा विचारच नाही. महाग छाप अधिक असतील तर सरासरीही महाग.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांचे कमाल दर ५० टक्क्यांनी वाढविले. त्यांत साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि वाफेच्या यंत्रातून घ्यावयाचे द्रावण यांचा समावेश होता. बांधलेल्या दरात उत्पादन परवडत नाही, कारखानदार ते सोडून देऊ पाहत आहेत, हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. कमाल दर खरेदीदाराला संरक्षण देतो, पण माल दुकानात ठेवण्याची सक्ती करू शकत नाही, आणि ज्याच्या खिशात तोही दर नाही त्याला काहीच देत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हा दिलासा खरा; पण पाचशे रुपयांच्या पंपावर तो तीसेक रुपयांचा आहे.

खरा उपाय किंमत बांधण्यात नसून एकत्रित खरेदीत आहे. तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन करून तो दाखविला; राजस्थानने २०११ साली मोफत औषध योजना सुरू करून त्याचे अनुकरण केले. भारतात औषध स्वस्त बनविण्याची क्षमता नाही, असे तर मुळीच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी औषध बनविण्याच्या रीतीलाच संरक्षण दिले आणि त्या आधारावर उभ्या राहिलेल्या मुंबई-पुण्याच्या औषध उद्योगाने जगाला स्वस्त औषधे पुरविली. आपल्याच मावळातील खेड्यात ती पोचत नसतील, तर दोष कारखान्यातील नव्हे, वाटपातील आहे. महाराष्ट्राने खरेदीचे काम २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे दिले, २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. चौकट तयार आहे. प्रश्न आहे तो फळीवर रोज पंप असण्याचा. केसपेपर फुकट आणि औषध बाहेरून आणावयाचे, असे झाले तर घोषणेचा अर्थ उरत नाही.

आक्षेप आणि उत्तर

दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की औषधांवर पैसा घालण्यापेक्षा रोगाचे मूळच तोडावे. तत्त्व बिनतोड आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने त्या दिशेने मोठे पाऊल टाकले. आठ कोटीवी जोडणी २०१९ साली महाराष्ट्रातच, औरंगाबाद येथे दिली गेली. परंतु जोडणी म्हणजे रोजचा वापर नव्हे; दुसरे सिलिंडर भरून आणण्यास पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. आणि आज साठीत असलेल्या स्त्रीच्या फुप्फुसांत गेलेला चाळीस वर्षांचा धूर कोणत्याही शेगडीने परत निघत नाही. प्रतिबंध पुढल्या पिढीसाठी आहे. या पिढीला औषधच हवे. दोहोंत निवड करावयाची नसून दोन्ही करावयाचे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. रोजची औषधे फुकट द्यावयाची तर मर्यादा कोठे राहणार? मर्यादा निदानाने राहते. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारे स्पायरोमीटर हे काही प्रचंड यंत्र नव्हे, तरी ते ग्रामीण आरोग्य केंद्रांत क्वचितच दिसते. परिणामी ज्याला रोग नाही त्याला औषध मिळते आणि ज्याला आहे त्याला ‘वयोमानाप्रमाणे दम लागतो’ असे सांगून परत पाठविले जाते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दीर्घकालीन श्वसनविकारांचे नाव आले आहे; पण घरोघरच्या तपासणीचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग यांवरच राहिला आहे. केरळने २०१७ मधील ‘आर्द्रम्’ मोहिमेबरोबर प्राथमिक पातळीवरील आरोग्य केंद्रांतून ‘श्वास’ नावाने या विकारांची तपासणी, औषध आणि शिकवणूक यांची सांगड घातली. केरळला जे शक्य झाले ते महाराष्ट्राला अशक्य का असावे?

औषधाइतकाच दुर्लक्षित उपाय म्हणजे व्यायामाची शिस्तबद्ध शिकवणूक. ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन २०१५ साली ‘कोक्रेन’ने दाखविले, की चालणे, हातापायांचे व्यायाम आणि रोगाविषयी माहिती यांचा काही आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णाच्या जगण्याचा दर्जा स्पष्टपणे सुधारतो. याला लागते एक खोली, एक फिजिओथेरपिस्ट आणि चिकाटी. तळेगावात १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; पुण्यात फुप्फुसविकारांवर काम करणाऱ्या नामवंत संस्था आहेत. मावळ तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पायरोमीटर, चार आवश्यक पंप, स्पेसर आणि ते शिकविणारी एक परिचारिका, एवढा प्रयोग वर्ष-दोन वर्षे करून पाहावा. तो मोजावा मात्र निराळ्या मापाने. किती रुग्ण दाखल झाले यापेक्षा किती दाखल व्हावे लागले नाहीत, आणि उरलेल्यांचे किती दिवस कामात गेले, हे नोंदवावे.

तळेगावला अशा प्रयोगाची परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरून एक-एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. ज्याला एकट्याला जे परवडत नाही, ते सर्वांच्या थोड्याथोड्या वाट्याने परवडते, हेच त्या फंडाचे सूत्र होते. आणि आरोग्यविम्याचे सूत्रही याहून निराळे नाही. फरक इतकाच, की आज आपण कराच्या रूपाने पैसा गोळा करतो आणि तो माणूस खाटेवर पडेपर्यंत राखून ठेवतो. त्यातला थोडा भाग तो आपल्या पायांवर उभा असतानाच त्याच्या हाती पडेल, अशी तरतूद येत्या अंदाजपत्रकात करणे राज्य शासनाला अवघड नाही. त्यासाठी आरोग्य खात्याने प्रथम आपल्या नोंदवहीत एक नवा रकाना आखला पाहिजे: औषध मिळाल्याने माणूस किती दिवस कामावर गेला.